शंभराच्या आत

शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी संपवून
साडेसातला मी पुलावर येतो तेव्हा
पंचगंगा वाफ सोडत असते
आणि हँडलवरची बोटं माझी नसतात.
पाठीला मात्र भट्टी अजून चिकटलेली,
जाकिटाच्या आत, पोस्टरासारखी.

उचगावात वैजयंता मीटरपुढं उभी.
हातात सोसायटीनं वाटलेली जुनी डायरी,
कानामागं पेन्सिल.
"एका दिवसात पाच! गिझर कुणी लावला?"
मी तर भट्टीवर होतो, मी म्हणतो.
ऋतुजा दात घासता घासता
भिंतीवरची पाल बघत राहते.

महिना शंभराच्या आत काढायचा, हे तिनं ठरवलंय.
"एकशे एकावं युनिट म्हणजे
न बोलावलेला पाव्हणा.
जेवतोय ते जेवतोय, वर बांधून नेतोय."

दिवाळी झाल्या झाल्या गिझरच्या बटणावर
तिनं चिकटपट्टी मारली.
माळ्यावरचा बंब खाली आला, चिंचेनं घासला गेला,
त्याच्या पोटात आता चिपाडं, नारळाच्या शेंड्या,
नायकवडी मामूंच्या रंध्याखालचे कुरळे छिलके.
पत्र्यावर काळा रंग दिलेला ड्रम,
दुपारपर्यंत त्यात भांड्यापुरतं ऊन साठतं.
डाळ दोन शिट्ट्यांवर उतरते,
मग कुकरला ती जुन्या लुगड्यात गुंडाळते
बाळंतिणीला गुंडाळावं तसं,
आणि कोपऱ्यात बसवते.
"शिजंल गप. त्याला कुठं पाळी गाठायचीय?"
अर्ध्या तासानं डाळ खरंच मऊ.
टीव्हीचा लाल ठिपका तिला बघवत नाही.
"झोपलं तरी एक डोळा उघडा ठेवतंय मेलं."

एकदा कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता
मी उगाच हिशेब मांडला.
टनभर लोखंड वितळायला साधारण सहाशे युनिट.
म्हणजे आमच्या घराचा अर्धा पावसाळा
आणि अख्खी थंडी.
रात्रीत अशा आठ हीट.
तिनं वर्षभर बटणं बंद करून जे राखलं
ते मी जेवणाच्या सुट्टीआधी साच्यात ओततो,
कुठल्यातरी ट्रॅक्टरचं गिअरचं घर.

घरी येऊन सांगितलं.
हसली नाही, चिडलीही नाही.
हुलग्याच्या माडग्याची वाटी पुढं सरकवली.
"ते बिल मालक भरतोय. हे मी भरतो."
आमच्याकडं बायका असंच बोलतात,
मी भरतो, मी जातो, मी बघतो.
आणि बघतात.

सुट्टीच्या रात्री उत्तरेच्या खिडकीतून
वारं सुरीसारखं येतं.
फटीत तिनं ओढणीची चिंधी ठासलीय,
दाराखाली वाळूची लांबट पिशवी.
आणि अंगावर यंदाची नवी वाकळ,
जड, ओल्या मातीसारखी जड.
वरून तिची हिरवी साडी.
आत काय घातलंस, मी विचारतो.
"तुझे कामावरचे शर्ट. सात वर्षांचे."

ते शर्ट मला माहीत आहेत.
ठिणग्यांनी चाळण झालेले,
बोहारणीनं हात न लावलेले,
प्रत्येक भोकाखाली माझ्या कातडीवर
एक पांढरा ठिपका आहे.
चाळणीची वाकळ कशी काय उबते?
ती अंधारात माझं बोट धरून
टाक्यांवरून फिरवते.
"एकाचं भोक दुसऱ्याच्या भोकावर येऊ दिलं न्हाई.
एवढंच बघायचं असतंय."

मी बराच वेळ जागा राहिलो.
सवयच नाही रात्री झोपायची.

सकाळी ऋतुजानं आपणहून कबूल केलं.
गॅदरिंग होतं, केस धुवायचे होते,
बंब पेटवायला कंटाळा आला.
वैजयंतानं तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला,
मग डायरी उघडली
आणि पाचाच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं:
केस.
उद्या दोनात भागवू.